कन्व्हर्टर ‘उडून’ जात नाही: गॅरेजमध्ये झालेली माझी फसवणूक

मी पुण्यात राहतो आणि माझ्याकडे 2013 सालची पेट्रोल गाडी आहे. गेल्या पावसाळ्यात तिचा पिकअप कमी झाला, म्हणून ओळखीतून कळलेल्या एका गॅरेजमध्ये ती दाखवली. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुराच्या नळीवरचा, धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) तुंबला आहे, तो उतरवून धुवावा लागेल, असे सांगून मेकॅनिकने साडेचार हजार रुपये घेतले आणि दोन दिवसांनी गाडी परत दिली. गाडी पळू लागली, परंतु सायलेन्सरचा आवाज घुमू लागला, आणि पुढच्याच महिन्यात पीयूसी करताना कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्क्याच्या मर्यादेऐवजी 1.9 टक्के निघाला.

पुन्हा गॅरेज गाठून कन्व्हर्टरवर बोटाने टकटक केली, तेव्हा रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. जाब विचारताच मेकॅनिक शांतपणे म्हणाला, “साहेब, आतला माल ऑक्साइडचा असतो. ऑक्साइड म्हणजे गॅसच की! जुना झाला की तापून धुराबरोबर उडून जातो.” शाळेत शिकलेला कार्बन डायऑक्साइड डोक्यात असल्यामुळे मला ते पटले, आणि नव्या कन्व्हर्टरसाठी दहा हजार आगाऊ देऊन मी घरी आलो.

फसगत नेमकी इथे झाली. कार्बन किंवा नायट्रोजन यांसारख्या अधातूंच्या ज्या ऑक्साइडांचा धूर होतो, त्यांचे रेणू सुटे असतात, म्हणून ती वायुरूप असतात. धातूंच्या ऑक्साइडांमध्ये मात्र धनभारित आणि ऋणभारित कण एकमेकांना चहूबाजूंनी घट्ट धरून बसलेले असतात. कन्व्हर्टरच्या आतल्या मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवर ज्या ॲल्युमिनिअम ऑक्साइडचा थर असतो, ते रासायनिकदृष्ट्या आपल्या धार लावायच्या कुरुंदाचेच भावंड आहे आणि ते सुमारे 2,072 अंश सेल्सिअसला वितळते. त्याच्या जोडीचे सिरिअम ऑक्साइड त्याहूनही वर. इंजिनाचा धूर भर चढावरही साधारण 900 अंशांच्या आसपास असतो. इंजिन मिसफायर होऊन न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटले, तर खुद्द जाळी वितळू शकते हे खरे. पण तेव्हा तिचा काचेसारखा गोळा होऊन वाट बंद होते, डबा स्वच्छ रिकामा होत नाही.

दुसऱ्या गॅरेजमधल्या वयस्कर मिस्त्रींनी डबा माझ्यासमोर कापला. आतल्या पत्र्यावर छिन्नीचे ताजे ओरखडे होते, कडेच्या चटईला राखाडी जाळीचे नखाएवढे तुकडे चिकटलेले होते आणि बाहेरच्या जोडावर नव्या वेल्डिंगची चकाकती रेघ होती. त्या जाळीत प्लॅटिनम, पॅलेडिअम, ऱ्होडिअम असे मौल्यवान धातू असतात. सगळे मिळून काही ग्रॅमच, पण भंगाराच्या बाजारात त्यांना चांगला भाव आहे. मूळ दोष स्पार्क प्लगचा होता, हेही तिथेच कळले.

आगाऊ दिलेले दहा हजार अजून परत मिळालेले नाहीत. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यासाठी कापलेला डबा, दोन्ही पावत्या आणि पीयूसीचा कागद मी जपून ठेवला आहे. आपला कन्व्हर्टर कोणी उतरवणार असेल, तर आधी त्याचे आणि त्यावरच्या क्रमांकाचे फोटो काढा, उतरवल्यावर टॉर्च लावून आतली जाळी स्वतः पाहा, समोर वजन करून घ्या आणि बदलावाच लागला, तर जुना भाग जाळीसकट घरी घेऊन या.