लिबरऑफिस की मायक्रोसॉफ्ट ३६५?

वर्ड, एक्सेल वगैरे देणाऱ्या मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी संपली की संगणकावरच्या वर्डमध्ये फाइल उघडते, वाचता येते, पण संपादन बंद. मजकूर आपला, आणि त्यातला एक स्वल्पविराम बदलायचा तर आधी पैसे भरा! लिबरऑफिस या तशाच पण मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे होत नाही. २०१० मध्ये ओपनऑफिस या जुन्या मोफत सॉफ्टवेअरपासून वेगळं झालेलं हे सॉफ्टवेअर 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' ही ना-नफा संस्था सांभाळते. त्याच्या ओडीएफ या प्रकारच्या फाइलींची रचना २००६ मध्येच आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मानक झाली; ती खुली असल्याने कुणीही ती वाचणारं सॉफ्टवेअर लिहू शकतं. चौघांनी एकाच वेळी एकाच फाइलवर काम करायचं असेल तर मात्र मायक्रोसॉफ्ट सरस. डॉकएक्स या वर्डच्या फाइलींमधले तक्तेही लिबरऑफिसमध्ये कधीकधी सरकतात. तरी मी लिबरऑफिसच निवडेन, आणि वाचलेल्या वर्गणीतून फाउंडेशनला दरवर्षी देणगी देईन.