आशाताईंच्या सहा गृहभेटी: संध्याकाळी रडणाऱ्या बाळाला किती कामाच्या?

दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. पैसे लागत नाहीत. नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याची ही पद्धत आपल्याच गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने उभी केली. २०११ पासून ती देशभर आहे.

पोटात कळा येऊन रडणाऱ्या बाळासाठी या भेटींतली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे झोळीचा काटा. रिकामी झोळी अडकवून काटा आधी शून्यावर आणायचा, नाहीतर झोळीचं वजन बाळाच्या नावावर चढतं. कपडे काढूनच मोजायचं. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर येतं, मग रोज साधारण २५-३० ग्रॅम भरतं. म्हणजे १४व्या आणि २८व्या दिवसाच्या आकड्यांत ३५०-४०० ग्रॅमचा फरक हवा. तेवढा असेल आणि दिवसातून सहा-सात वेळा लघवी होत असेल, तर दूध पुरतंय. बाळ कितीही रडो, ‘दूध आटलं’ म्हणून वरचं दूध सुरू करू नका.

भेट बाळाच्या पिण्याच्या वेळेलाच मागा. तोंड मोठं उघडलंय का, हनुवटी स्तनाला टेकलीय का, खालचा ओठ बाहेर वळलाय का, हे ताईंना समोर बघता येतं. नुसतं टोक तोंडात असलं की बाळ दुधासोबत हवाही गिळतं.

उणीव वेळापत्रकात आहे. कळांचं रडणं दोन-तीन आठवड्यांनी सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपसूक थांबतं. म्हणजे रडणं ऐन भरात असतं तेव्हाच भेटी संपतात. पुढची थेट तिसऱ्या महिन्यात. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिन्याने सासरी, मग ४२व्या दिवसाची भेट दोन गावांच्या मधेच राहून जाते. निघण्याआधी दोन्हीकडच्या ताईंना सांगून ठेवा.

याच रिकाम्या आठवड्यांत घुटी, ग्राइप वॉटर, मधाचं बोट घरात शिरतं. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नको. मध तर वर्षभर नको, त्यातल्या जंतूंमुळे बाळ लुळं पडू शकतं. २८व्या दिवशीच ताईंकडून धरायची रीत शिकून घ्या: बाळ हातावर पालथं, डोकं कोपराच्या वळणात, पोटाला हाताचा हलका दाब. झोपवायचं मात्र उताणंच.

बाळाच्या रडण्याने आईचा धीर सुटला तर बाळाला जमिनीवरच्या सतरंजीवर उताणं ठेवून, घरात दुसरं कुणी नसेल तरी, पाच-दहा मिनिटं बाजूला व्हावं. बाळाला गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त, दूध न ओढणं, छाती आत ओढली जाणं, यांपैकी काहीही दिसलं तर भेटीची वाट न बघता १०८ला फोन.