तळव्यातील सिस्ट: बारीक छिद्रातून काढावी की चीर घेऊन?

पायाच्या तळव्यावरची गाठ बहुधा कुरूप किंवा चामखीळच समजली जाते, आणि माझ्याही बाबतीत पहिला इलाज कॉर्न कॅपचाच (कुरुपावर लावायच्या औषधी पट्टीचाच) झाला. वरची जाड कातडी तासल्यावर कुरुपाचा टणक गाभा सापडला नाही, चामखिळीचे काळे ठिपकेही दिसले नाहीत, आणि खाली गोल, गुळगुळीत गाठ हाताला लागतच राहिली, तेव्हा सोनोग्राफी झाली व एपिडर्मॉइड सिस्टचे, म्हणजे त्वचेखाली मगजाने भरलेल्या पिशवीसारख्या गाठीचे, निदान झाले. अशी सिस्ट बहुधा केसांच्या मुळापासून होते, आणि तळव्याला केसांची मुळे नसतात. काटा किंवा खिळा लागून वरच्या त्वचेच्या पेशी आत ढकलल्या गेल्या, तरी तिथे अशी सिस्ट होऊ शकते. एमआरआयची गरज मला पडली नाही. नाकाच्या दांड्यावर किंवा डोक्याच्या मध्यरेषेवर जन्मापासून गाठ असेल, तर मात्र तिचा संबंध आत मेंदूपर्यंत असू शकतो, म्हणून स्कॅनआधी तिला हात लावू देऊ नये.

काही मिलिमीटरच्या छिद्रातून आतला मगज दाबून काढायचा आणि मागोमाग रिकामी पिशवी ओढून घ्यायची, ही पद्धत मी मानेवरच्या सिस्टसाठी निवडली होती, आणि तिथला वण आज शोधावा लागतो. तळव्यासाठीही माझा कल तिकडेच होता. परंतु ही गाठ एकदा पिकली होती आणि तेव्हा केवळ निचरा केल्यामुळे पिशवी आतच राहिली होती. जखम भरल्यासारखी वाटे, आणि थोडे चालले की त्याच जागेतून दह्याच्या कवडीसारखा, कुजकट वासाचा स्राव येऊन मोजा चिकटून बसे. या त्रासानेच माझा निर्णय झाला. पिकून गेलेली पिशवी आजूबाजूला चिकटते आणि बारीक छिद्रातून तुकड्यातुकड्यांनी येते. सर्व तुकडे निघाले की नाही, याची खात्री सर्जनलाही देता येत नव्हती.

चीर घेण्याचा जाच कमी नाही. तळव्याचे टाके साधारण दोन ते तीन आठवडे ठेवतात, तोवर त्या भागावर भार देता येत नाही, आणि चवड्याखाली वण आला तर तो पुढेही दुखू शकतो. म्हणून भार पडणारी जागा चुकवून चीर घेता येईल का, हे आधीच विचारावे. सूज पूर्ण ओसरेपर्यंत थांबावेही लागते. मात्र माझी पिशवी अखंड निघाली, बायोप्सीचा अहवाल निर्धास्त करणारा आला आणि मोजा पुन्हा ओला झाला नाही.

गाठ लहान असेल, कधीच पिकली नसेल आणि कामावर रजा मिळत नसेल, तर छिद्राची पद्धत आधी करून पाहणे रास्त ठरेल. एकदा पिकलेल्या गाठीसाठी मी तरी चीरच सुचवीन.