इलेक्ट्रिक गोल्फ ट्रॉली: आधी बॅटरी ठरवा, मग ट्रॉली

माझी ट्रॉली, म्हणजे गोल्फची बॅग वाहून नेणारी मोटरवाली हातगाडी, एकदम साधी आहे, १२ व्होल्ट, एकच मोटर, हँडलवर स्पीडचं बटण, बॅटरी खालच्या ट्रेमध्ये ठेवायची, पट्टा आवळायचा आणि वायर जोडायची, बस. आधी तिच्यावर लेड ॲसिड बॅटरी वापरली, आता लिथियम वापरतोय, त्यामुळे ट्रॉली तीच ठेवून नुसती बॅटरी बदलल्यावर काय होतं ते नीट बघायला मिळालं. फरक इतका आहे की आता कोणी विचारलं तर सरळ सांगतो, डिस्प्ले, जीपीएस, छत्रीचा स्टँड हे सगळं नंतर बघा, पहिलं बॅटरीचं काय ते ठरवा.

वजन बघा ना. १८ होलला, म्हणजे पूर्ण खेळाला पुरेल अशी २६ एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) लेड ॲसिड बॅटरी जवळपास ८-९ किलो भरते, ती डिकीतून उचला, वाकून ट्रेमध्ये बसवा, खेळून दमल्यावर परत उचला. ट्रॉली घेतो कशाला तर पाठीला आराम म्हणून! लिथियमची १६ एएचवाली दोन-अडीच किलोची, एका हाताने उचलली जाते. आता २६ कुठे आणि १६ कुठे, कमी नाही का पडणार, असं बऱ्याच जणांना वाटतं. नाही पडत, कारण लेड ॲसिड दर वेळी निम्म्याच्या खूप खाली उतरवली की तिचं आयुष्य भराभर कमी होतं, म्हणजे २६ मधले धड १३च वापरायचे, आणि लिथियम आयर्न फॉस्फेट (लिथियम बॅटरीचा एक प्रकार) ८०-९० टक्के बिनधास्त वापरता येते, म्हणजे १३-१४ आलेच की. काम तेवढंच, वजन पाव हिश्श्याच्या आसपास.

दुसरं म्हणजे शेवटचे होल. लेड ॲसिडचा व्होल्टेज वापरता वापरता खाली येत जातो, त्यामुळे पंधराव्या-सोळाव्या होलला चढ आला की ट्रॉली रेंगाळायला लागते आणि आपणच मागून ढकलतोय असं होतं, बॅटरी जुनी असेल तर जास्तच. लिथियमचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो, पहिल्या होलचा जोर अठराव्यालाही मिळतो. पण ह्याची एक बाजू लक्षात ठेवा, ती संपते तेव्हा हळूहळू संपत नाही, आतला बीएमएस (बॅटरी सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) सप्लाय फटकन बंद करतो. आणि जुन्या ट्रॉलीवरचा बॅटरीचा मीटर लेड ॲसिडच्या व्होल्टेजवर सेट केलेला असतो त्यामुळे तो लिथियमला बराच वेळ फुल्लच दाखवतो, त्याच्यावर विसंबू नका.

चार्जरच्या बाबतीत मात्र कंजूषपणा अजिबात नको. लिथियमला लिथियमचाच चार्जर. लेड ॲसिडच्या काही चार्जरमध्ये सल्फेट काढायचा मोड असतो, त्यात व्होल्टेज वर जातो, तो ह्या बॅटरीसाठी नाही. सांभाळायची पद्धतही उलटी आहे, लेड ॲसिड खेळून आल्याआल्या चार्जिंगला लावायची आणि ठेवायची तर फुल्ल करूनच, अर्धवट पडून राहिली की प्लेटवर सल्फेट बसतं आणि मग ती पूर्वीसारखी होत नाही. लिथियम बरेच दिवस वापरायची नसेल तर साधारण अर्धी भरून थंड जागी ठेवायची, पण शून्य डिग्रीच्या खाली चार्ज करायची नाही.

म्हणून "मी क्वचित खेळतो, मला लेड ॲसिड चालेल" हे मला पटत नाही. उलट क्वचित खेळणाऱ्याचीच लेड ॲसिड पडून पडून मरते. ट्रॉली क्लबवरच राहते, तिथेच चार्जिंग होतं, उचलाउचल नाही, अशांनी लेड ॲसिड खुशाल घ्यावी, सुरुवातीचा खर्चही कमी. फक्त डीप सायकलचीच, म्हणजे बरीच उतरवून परत परत चार्ज करायला बनवलेलीच घ्या, गाडीची स्टार्टरवाली बॅटरी नको, तिच्या प्लेट पातळ असतात.

आता ट्रॉलीबद्दल. हल्ली बऱ्याच मॉडेलमध्ये बॅटरी कंपनीची खास आकाराची, २४ किंवा २८ व्होल्टची येते, दिसायला सुटसुटीत, पण काही वर्षांनी बदलायची वेळ आली की त्याच कंपनीच्या दारात जायला लागतं, आणि त्यांनी मॉडेल बंद केलं असेल तर कुठे शोधणार? म्हणून मला अजूनही साधी १२ व्होल्टची, उघड्या ट्रेवाली आवडते. त्यात बॅटरी घेताना एवढंच बघा की कनेक्टर जुळतोय, ट्रेमध्ये मावतेय आणि बीएमएस मोटरचा चढावरचा करंट झेपवतोय.

कोर्स डोंगराळ असेल तर उताराचा ब्रेक असलेलीच घ्या. माझ्या ट्रॉलीला तो नाही आणि ही तिची खरी कमी आहे, उतारावर ती पुढे ओढते आणि हँडल घट्ट धरून ठेवायला लागतं. ब्रेकवाल्या काही ट्रॉल्यांमध्ये उतारावर मोटर उलटा करंट बॅटरीत ढकलते, आणि बॅटरी नुकतीच फुल्ल चार्ज केलेली असेल तर बीएमएस ट्रिप होऊ शकतो, म्हणून पहिलाच होल उताराचा असेल तर घेण्याआधी हे नक्की विचारून घ्या.

विमानाने ट्रॉली नेणाऱ्यांसाठी एक. लिथियम बॅटरी साधारणपणे १०० वॉट-अवरपर्यंत नेता येते, १६० पर्यंत एअरलाइनची परवानगी काढून. १२.८ व्होल्ट गुणिले १६ एएच म्हणजे जवळपास २०५, ती प्रवासी विमानात घेत नाहीत, तेव्हा अशा प्रवासात बॅटरी घरी ठेवायची आणि तिकडे भाड्याने मिळते का ते आधीच बघायचं.