टोमॅटोचे रोप विनाखर्च: फळातले बी की बगलफूट?

टोपलीत मऊ पडलेला टोमॅटो आणि शेजारच्या कुंडीतून खुडून टाकलेली बगलफूट, म्हणजे पान आणि खोड यांच्या बेचक्यात येणारी कोवळी फांदी, या दोन्हींपासून रोप फुकट मिळते. मात्र बाजारातील बरेचसे टोमॅटो संकरित वाणांचे असल्याने त्यांच्या बियांपासून आलेली झाडे मूळ फळाच्याच गुणाची निघतील, याची खात्री देता येत नाही. शिवाय रोप लावण्याजोगे होण्यास साधारण २५ ते ३० दिवस जातात.

बगलफूट अनेक जण तशीही काढून टाकतात. कळी न धरलेली, वीतभर लांबीची फूट घेऊन तिची खालची पाने काढावीत आणि ती पाण्याच्या पेल्यात किंवा सावलीत ओल्या मातीत ठेवावी. आठ-दहा दिवसांत खोडावर पांढऱ्या मुळ्या दिसू लागतात, आणि झाड मूळ झाडाच्याच वाणाचे होऊन लवकर फुलावर येते. गोम एवढीच, की पांढऱ्या माशीमुळे पसरणारा, पाने आकसवणारा विषाणू मूळ झाडात असेल, तर तोही फुटीबरोबर घरी येतो.

शेजारचे झाड निरोगी असेल तर मी बगलफूटच पसंत करेन. त्याची पाने वळलेली दिसली, तर बी बरे.