गाडी परत करताना पेट्रोलचा हिशोब: कोकणात भाड्याची गाडी घेणाऱ्यांसाठी

कोकणात स्वतः चालवायची गाडी भाड्याने घेताना सगळे दोनच गोष्टी विचारतात: दिवसाचं भाडं किती आणि डिपॉझिट किती. पेट्रोलचं काय, हे चावी हातात देताना कुणीतरी घाईघाईत सांगतो आणि आपण मान डोलावतो. त्या मान डोलावण्याची किंमत चार दिवसांच्या फेरीत हजार-दीड हजार रुपये सहज होते. दोन दुकानदारांच्या भाड्यात शंभर-दोनशेचा फरक असेल तर त्यावर घासाघीस करण्याआधी पेट्रोलची अट विचारलेली बरी.

आधी आकडे समोर ठेवू. समजा गोव्यातल्या मोपा विमानतळावर स्विफ्ट घेतली, सावंतवाडी-कुडाळमार्गे मालवण गाठलं, तारकर्ली-देवबाग केलं, येताना वेंगुर्ल्यावरून खाली उतरलात. इकडची तिकडची फिरती धरून साडेतीनशे किलोमीटर होतात. एसी चालू, रस्ता चढउताराचा, गाडीत चार माणसं आणि येताना मागे आंब्याच्या पेट्या. कंपनीच्या कागदावर ॲव्हरेज काहीही असो, सोळाच धरा. म्हणजे बावीस लिटर. स्विफ्टची टाकी ३७ लिटरची. यापुढची सगळी गणितं याच बावीस लिटरवर.

फुल्ल द्या, फुल्ल घ्या ही पद्धत मला सगळ्यात सरळ वाटते. टाकी भरून मिळते, भरून परत करायची, मधे जाळलं तेवढ्याचेच पैसे आपण पंपावर देतो. तिचा मोठा गुण हा की 'फुल्ल'वर वाद घालायला फारशी जागा नसते. पंपाचं पिस्तूल (नोझल) आपोआप बंद पडलं की टाकी भरली. एक पळवाट मात्र ग्राहकाच्या बाजूने आहे आणि ती दुकानदारांनाही माहीत असते. बऱ्याच गाड्यांचा काटा भरल्यानंतर तीस-चाळीस किलोमीटर फुल्लवरून हलत नाही. म्हणूनच काही जण 'परतीच्या जागेपासून पाच-दहा किलोमीटरच्या आतल्या पंपाची, त्याच दिवशीची पावती' मागतात. मागणी रास्त आहे, पण जवळचा पंप कुठे आहे हे गाडी घेतानाच विचारून घ्या. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाने खाडीपुलांवरून रमतगमत येणार असाल तर पंप अंतराअंतराने लागतात. रात्री उशिरा गावातला पंप बंद मिळाला आणि पहाटे विमान असलं, तर टाकी भरायची तुमची इच्छा असूनही भरता येत नाही. तिथून पुढे दुकानदाराचा दर सुरू होतो.

तो दर नीट समजून घ्या, कारण खरी वसुली तिथे आहे. कमी पडलेलं पेट्रोल कंपनीने भरलं तर बिलात दोन गोष्टी दिसू शकतात: पंपापेक्षा चढा लिटरदर, आणि वर 'भरून आणण्याचा' आकार. पेट्रोल स्वतः जीएसटीत नाही, पण भाड्याच्या बिलाचा भाग म्हणून आलं की त्यावरही कर लागू शकतो. समजा दर १२० लावला आणि आकार ५००. बावीस लिटरचे २,६४० आणि ५०० मिळून ३,१४० झाले, कर वेगळा. पंपावर हेच पेट्रोल ९७ रुपयांनी घेतलं असतं तर २,१३४ मध्ये काम झालं असतं. हजार रुपये केवळ पंपावर न थांबल्याचे. आणि आकार ठोक असतो: दोन लिटर कमी असले तरी तेच पाचशे.

मोपाला गाडी घेणाऱ्यांचा फायदा

९७ हा आकडा मुद्दाम धरला. पेट्रोलवरचा व्हॅट राज्याराज्यात वेगळा असल्यामुळे गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा लिटरमागे साधारण आठ-दहा रुपयांनी स्वस्त पडत आलंय. दर जून २०१७ पासून रोज बदलतात, त्यामुळे निघायच्या दिवशी फोनवर बघून घ्या, पण तफावत टिकून आहे. सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला खरा, पण तिथे विमानं मोजकीच. जानेवारी २०२३ मध्ये मोपाहून उड्डाणं सुरू झाल्यापासून सिंधुदुर्गात येणारे बरेच जण तिथेच उतरतात आणि तिथूनच गाडी घेतात. अशा फेरीत फुल्ल-टू-फुल्ल म्हणजे सोन्याहून पिवळं. जाताना गोव्याचं पेट्रोल टाकीत असतंच, परत येताना हद्द ओलांडून पेडणे तालुक्यात शिरल्यावर टाकी भरायची. पुऱ्या फेरीत सिंधुदुर्गातल्या पंपाचं तोंड बघावं लागत नाही आणि दोनशेच्या आसपास वाचतात.

एकेरी गाडी घेणाऱ्यांसाठी हेच गणित दिशेवर ठरतं. रत्नागिरीत घेऊन गोव्यात सोडणार असाल तर महाराष्ट्रातल्या दरानं भरलेली टाकी मिळते आणि गोव्याच्या दरानं भरून द्यायची असते. उलट प्रवासात तेवढाच फटका. अर्थात एकेरी गाडीला परतीचा आकार असतो आणि त्यापुढे हे शे-दोनशे म्हणजे किस झाड की पत्ती.

जितकं दिलं तितकं

स्थानिक दुकानदार सर्रास हीच पद्धत ठेवतात. काटा जिथे होता तिथे आणून द्या. ऐकायला फुल्ल-टू-फुल्लइतकीच न्याय्य, पण अर्ध्या टाकीवर वाद घालायला भरपूर जागा आहे. काट्याच्या जागी आठ दांड्या असलेली गाडी घ्या. स्विफ्टच्या टाकीत एक दांडी म्हणजे साडेचार लिटरच्या वर, आजच्या दरात साडेचारशे रुपये. चौथी दांडी नुकतीच पेटली आहे की विझायला आली आहे, हे बाहेरून दिसत नाही. तुम्हाला ती विझायच्या बेतात असताना मिळाली आणि तुम्ही प्रामाणिकपणे भरगच्च चार दांड्या करून दिल्यात, तर चार लिटर दुकानदाराला बक्षीस. उलटं झालं तर तो अडून बसणार.

गाडी ताब्यात घेतानाची पाच मिनिटं इथे महत्त्वाची. आपल्याकडे गाड्या बहुतेक घराच्या घाटीवर किंवा चिऱ्याच्या गडग्याला लागून उतारावर उभ्या असतात. उतारावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला जातं आणि काटा खोटं बोलतो, कधी अर्धी दांडी जास्त, कधी कमी. पोरगा फाटकाशी उभा राहून म्हणतो, "काटो बघून घेवा, मागसून झगडो नको." तेव्हा घाई करायची नाही. गाडी सपाट रस्त्यावर आणायची, इंजिन चालू करून मिनिटभर थांबायचं, कारण चावी फिरवल्या फिरवल्या दिसणारा काटा थोडा वेळ हलत असतो, आणि मग काटा, किलोमीटरचा आकडा नि घड्याळ एकाच चौकटीत येईल असा फोटो काढायचा. तो लगेच त्याच पोराच्या व्हॉट्सॲपवर टाकायचा. तुमच्या फोनमध्ये पडून राहिलेल्या फोटोपेक्षा त्याच्याकडे गेलेला फोटो जास्त कामाचा. एक खबरदारी: पडद्यावर 'अजून २१० किलोमीटर जाईल' असं लिहून येतं, त्यावर हिशोब मान्य करू नका. तो आकडा आधीच्या माणसाने गाडी कशी हाकली त्यावरून काढलेला अंदाज असतो. महामार्गावरून आलेल्या गाडीचा आणि आंबोली घाट चढून आलेल्या गाडीचा आकडा तेवढ्याच पेट्रोलवर वेगळा दिसतो.

रिकामी घ्या, रिकामी द्या

गोव्यात दुचाक्यांच्या धंद्यात ही रीत जुनी आहे आणि चारचाकीतही दिसते. गाडी जवळपास रिझर्व्हवर मिळते, पहिलं काम पंप शोधणं. परत देताना टाकीत जे उरेल ते मालकाचं. गिऱ्हाईक कधीच बरोबर शून्यावर गाडी आणत नाही, भीतीपोटी चार-पाच लिटर राखूनच आणतं. दुकानदाराची कमाई त्या भीतीवर आहे. एक दिवसासाठी गाडी घेणाऱ्याने ही अट टाळावी. चार-पाच दिवस फिरणाऱ्याला ती परवडू शकते, पण पहिल्याच पंपावर उत्साहाने 'फुल्ल कर' म्हणायचं नाही. थोडं थोडं भरत जायचं, शेवटचा दिवस आला की उरलेलं अंतर मोजून तेवढ्यापुरतंच. बावीस लिटरच्या फेरीत टाकी फुल्ल केलीत, तर पंधरा लिटर, म्हणजे साडेचौदाशे रुपये तिथेच सोडून याल.

मोठ्या कंपन्यांमधली 'आगाऊ टाकी' ही याचीच सुटाबुटातली बहीण. पूर्ण टाकीचे पैसे आधी भरायचे, गाडी कशीही आणून द्यायची, उरलेल्याचा परतावा नाही. परदेशी विमानतळांवर ही पद्धत सर्रास विकली जाते. मालवण-वेंगुर्ल्याच्या फेरीत एवढी टाकी संपत नाही, त्यामुळे ती घेण्यात अर्थ नाही. मुंबईहून निघून रत्नागिरी, गणपतीपुळे करून परत जाणार असाल आणि पहाटेच्या विमानाची धावपळ असेल, तरच विचार करा. तिथे टाकी संपवूनच परत याल, शिवाय मधे पुन्हा भरावी लागेल.

इंधनासकट किलोमीटर

इथे कुठलाच काटा बघायचा नाही, किलोमीटरवर पैसे. डोक्याला ताप नाही हे खरं, पण त्याचे पैसे मोजता. पडताळा सोपा आहे. पेट्रोलचा दर भागिले ॲव्हरेज. महाराष्ट्रातला दर १०६ धरला तर १०६ भागिले १६ म्हणजे किलोमीटरला साडेसहा रुपयांच्या आसपास. इंधनासकट आणि इंधनाशिवाय या दोन भावांतला फरक याहून बराच जास्त असेल, समजा नऊ रुपये, तर साडेतीनशे किलोमीटरला साडेआठशेच्या जवळ जादा गेले. शिवाय दिवसाची किलोमीटरची हद्द असते, तिच्या खाली फिरलात तर उरलेलं वाया.

ड्रायव्हरसकट गाडीत हेच दुखणं दिवसाला 'मिनिमम तीनशे' किलोमीटरच्या रूपात येतं. मुंबई ते रत्नागिरी हा सव्वातीनशेच्या वरचा टप्पा आहे, त्या दिवशी तीनशेची अट आड येत नाही. पण तीच गाडी तुम्ही मालवणात दोन दिवस उभी ठेवली, सकाळी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीसाठी जेटीवर आणि संध्याकाळी रॉक गार्डनला, तर दिवसाला वीस किलोमीटर फिरून तीनशेचे पैसे जातात. तारकर्लीत मुक्काम ठोकणाऱ्यांनी येण्याजाण्याची गाडी वेगळी करावी आणि तिथे रिक्षा घ्यावी. कमी खर्चात आणि कमी कटकटीत होतं. उलट गुहागरहून तवसाळ-जयगड फेरीबोटीने गणपतीपुळ्याला उतरायचं, असे किलोमीटर वाचवणारे बेत करणाऱ्याने इंधनासकटची योजना घेऊच नये. दिवसाच्या हद्दीखाली वाचवलेल्या किलोमीटरचा फायदा त्याला मिळत नाही, आणि फेरीचं तिकीट त्यालाच काढायचं असतं.

सीएनजी गाडी भाड्याने मिळाली तर करारात नेमकं काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक जण पेट्रोलचा काटा मोजतात आणि गॅसचं काही बोलत नाहीत. साठ लिटरच्या सिलिंडरमध्ये नऊ-दहा किलो गॅस मावतो, पण दुपारच्या उन्हात किंवा पंपावर दाब कमी असताना तेवढा बसत नाही. 'सीएनजी फुल्ल' ही अट म्हणूनच मान्य करू नये. गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या उतरल्या की गॅसच्या रांगेत तास जातो, तेव्हा पेट्रोलवर चालवायची तयारी ठेवा आणि हिशोब पेट्रोलच्या काट्यावरच करून घ्या.

नंबरप्लेट बघायला विसरू नका. स्वतः चालवायला भाड्याने देण्याची परवानगी असलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळते, पण परत करताना दोन दांड्यांवरून वाद झाला तर हातात ना करार ना बिल, आणि डिपॉझिट समोरच्याच्या खिशात.

कुणाला काय घ्यावं, असं कुणी विचारलं तर मोपा किंवा रत्नागिरीहून दोन-चार दिवसांसाठी: फुल्ल-टू-फुल्ल. ते नसेल तर जितकं तितकं, सपाट जागेवरच्या फोटोसह. बुक करण्याआधी व्हॉट्सॲपवर इतकंच लिहून विचारा: "गाडी किती पेट्रोलवर देणार, किती घेणार, कमी पडलं तर लिटरला किती आणि वर आकार किती, जास्त राहिलं तर काय?" शेवटच्या प्रश्नाला 'जास्त राहिलं तर परत नाही' असं उत्तर आलं तरी चालेल, निदान शेवटच्या पंपावर किती भरायचं ते कळतं. 'या तुम्ही, बघू नंतर' असं आलं, तर दुसरा नंबर फिरवा.