मायक्रोस्कोपमधला भाग बाजारातून गेलाय: दुरुस्ती करावी, की बदलावा?

जुन्या मायक्रोस्कोपची काच नीट जपली असेल, तर ती कित्येक वर्षं तितकंच स्पष्ट दाखवते. आधी हात टेकते ती त्याच्यातली इलेक्ट्रॉनिक्स. स्टेज (नमुना ठेवायचा मंच) हलवणाऱ्या मोटरचा ड्रायव्हर आयसी (मोटर चालवणारी चिप) जळतो, दिव्याचा पॉवर सप्लाय पेटेनासा होतो आणि शोधायला गेलं की कळतं, तो भाग आता बनतच नाही. अशा वेळी लोक आधी खर्च विचारतात. मी आधी एकच विचारतो: बिघडलेला भाग प्रकाशाच्या किंवा मोजमापाच्या वाटेवर आहे का? नसेल तर बिनधास्त दुरुस्ती करा. असेल तर बदलण्याची खरी किंमत बिलावर दिसत नाही, ती तुमच्या मोजमापांत दिसते.

खरंच बंद झालाय का, ते आधी बघा

अनेकदा आयसी बंद झालेला नसतो, फक्त त्याचं लांब पायांचं डिप पॅकेज (चिपचं बाहेरचं आवरण) बंद झालेलं असतं. तोच आयसी एसओआयसी या छोट्या, आखूड पायांच्या पॅकेजमध्ये मिळतो आणि छोट्या अ‍ॅडॅप्टर बोर्डावर बसवून जुन्या सॉकेटात जातो. पण 'नंबर जवळपास सारखा आहे' एवढ्यावर विसंबू नका. 74एलएस या जुन्या मालिकेतल्या लॉजिक आयसीच्या जागी 74एचसी मालिकेतला टाकणं हा त्यातला नेहमीचा सापळा. 5 व्होल्टवर एलएसच्या 'हाय' (म्हणजे '1'च्या) आउटपुटची खात्री किमान 2.7 व्होल्टचीच असते, आणि एचसीला ते ओळखायला साधारण 3.5 व्होल्ट लागतात. यंत्र कधी चालतं, कधी नाही. तिथे 74एचसीटी हवा, तो 2 व्होल्टलाच 'हाय' मानतो. अनोळखी विक्रेत्याकडचा 'जुना साठा' घेताना घासून नवा नंबर छापलेले आयसीही माथी मारले जातात, तेव्हा आधी तपासा आणि मगच सोल्डर करा.

भागाची दुरुस्ती, की दुसऱ्या यंत्रातला बोर्ड?

पॉवर सप्लाय, मोटर ड्रायव्हर, रिले, ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल पुढे देणारा भाग) यांच्या बाबतीत माझं मत सरळ दुरुस्तीच्या बाजूने आहे. दोष बऱ्याचदा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये निघतो. तापमान दर 10 अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंकच्या शेजारचे आधी जातात. कपॅसिटन्स बरोबर दिसला तरी ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) मोजा, आणि बदलताना 105 अंश सेल्सिअसपर्यंत चालणारेच टाका. दुरुस्तीनंतर पडद्यावरच्या आकड्यांत काही फरक पडत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा फायदा. अडचण एकच: सर्किट डायग्राम नसेल तर वेळ किती जाईल, याचा अंदाज बांधता येत नाही.

दुसऱ्या यंत्रातून काढलेला बोर्ड तासाभरात बसतो, पण त्याचे कपॅसिटरही तेवढ्याच वयाचे असतात. शिवाय स्टेजची मर्यादा किंवा फोकसचं कॅलिब्रेशन बोर्डावरच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी नोंद राखणाऱ्या मेमरीत) असू शकतं, फर्मवेअरची (बोर्डातल्या प्रोग्रामची) आवृत्ती वेगळी असू शकते, जंपर (जोडणी ठरवणाऱ्या छोट्या पिना) वेगळ्या जागी असू शकतात. जुन्या बोर्डाचा फोटो काढा आणि त्याच्या मेमरीची प्रत घेऊन ठेवा. बॅटरीवर चालणारी रॅम असेल, तर बॅटरी संपण्याआधीच.

नवा पर्याय बसवणं

इथे घाई अंगाशी येते. पारा-दिव्याचा सप्लाय गेला की एलईडी सुचवला जातो, आणि सल्ला वाईट नाही. 100 वॅटचा पारा-दिवा साधारण 200 ते 300 तास चालतो, विझवला की गार होईपर्यंत पुन्हा लावता येत नाही, आणि वय होईल तसा त्याचा उजेड घटत जातो. एलईडी हजारो तास टिकतो, लगेच चालू-बंद होतो, उजेडही स्थिर देतो. पण पाऱ्याचा प्रकाश 365, 405, 436, 546 आणि 578 नॅनोमीटरच्या ठळक रेषांवर एकवटलेला असतो, आणि जुने फिल्टर त्या रेषा धरूनच निवडलेले असतात. तुमच्या नमुन्यातला चमकणारा (फ्लोरोसंट) रंग 546 च्या प्रकाशाने उजळत असेल, तर त्या पट्ट्यात एलईडी किती प्रकाश देतो ते आधी विचारा. चालू प्रयोगमालिकेच्या मधोमध दिवा बदलू नका. बदलावाच लागला, तर एकच स्लाइड दोन्ही प्रकाशांत पाहून नोंद ठेवा. सप्लाय मात्र हौशी हाताने उघडायचा नाही: दिवा पेटवणारा झटका अनेक हजार व्होल्टचा असतो आणि कपॅसिटर बंद यंत्रातही भार धरून बसतात.

कॉन्फोकलमधल्या (लेझरने नमुन्याचा एकेक थर पाहणाऱ्या मायक्रोस्कोपमधल्या) आर्गॉन लेझरबाबत तर आणखी जपून. त्याच्या जागी 488 नॅनोमीटरचा सॉलिड-स्टेट लेझर छोटा, थंड आणि कमी वीज खाणारा असतो. पण आर्गॉनच्या 458 आणि 514 च्या रेषा जुन्या लेझरसोबत जातात. सीएफपी किंवा वायएफपी (निळसर आणि पिवळी चमकणारी प्रथिनं) पाहणाऱ्या प्रयोगशाळेला मग आणखी लेझर घ्यावे लागतात. फोटोमल्टिप्लायर (अंधुक प्रकाश मोजणारी नळी) त्याच नंबरचा मिळाला तरी प्रत्येक नळीचा गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) वेगळा असतो, त्यामुळे व्होल्टेज नव्याने लावावं लागतं आणि जुन्या-नव्या तीव्रतेची थेट तुलना संपते.

संपूर्ण यंत्र बदलायची वेळ बहुधा वेगळ्याच कारणाने येते. कॅमेऱ्याचं कार्ड जुन्या पीसीआय स्लॉटचं, त्याचा ड्रायव्हर जुन्याच विंडोजवर चालणारा, आणि तो संगणकच आता उठत नाही. तिथे आयसी बदलून फार काही हाती लागत नाही. फक्त स्टँड आणि ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळची भिंगं) विकून टाकण्याआधी नव्या कॅमेऱ्यासाठी सी-माउंट (कॅमेरा बसवायचा प्रमाणित जोड) अ‍ॅडॅप्टर मिळतो का, एवढं विचारून घ्या.